चपटा दगड उचला

मुळशीकडच्या माले गावचा विश्राम शेडगे पोटासाठी वाकड्या रेघा सरळ करायचा. बावधनला नकाशे करणारी एक कचेरी होती, तिथे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत संगणकापुढे बसलेला असे. घड्या पडून फाटलेले जमिनीचे जुने नकाशे स्कॅन होऊन यायचे. ते पडद्यावर उपग्रहाच्या फोटोवर अंथरायचे आणि फोटोत बांध जिथे दिसतो तिथे नकाशातली रेघ माउसनं ओढून नेऊन बसवायची. ज्या बांधावर त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं, पडणारही नव्हतं, त्याची जागा तो खुर्चीत बसून ठरवायचा. शेडगेंचा हात बसलाय, असं साहेब म्हणायचे. हात खरंच बसला होता, आणि बसलेला हात थांबून विचार करत नाही. त्याच हातानं पुढे घात केला.

माणूस म्हणाल तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पस्तिशी उलटली होती. मुली बघून झाल्या होत्या आणि मुलींचं त्याला बघूनही झालं होतं. जमलं मात्र कुठेच नाही. बावधनच्या दोन खोल्यांत तो एकटा राही आणि शनिवारी दुपारी मोटरसायकल काढून पौडमार्गे गावी जाई. गावात धाकटा भाऊ नथू, त्याची बायको पिंकी आणि मागच्या पडवीत चुलती तुळजाबाई. आई गेली तेव्हा विश्राम शाळेतही जात नव्हता आणि नथू तर रांगत होता. बाप होता, पण त्याचा उपयोग फक्त सातबाऱ्यावर नाव लावायला. दोन्ही पोरं वाढवली ती तुळजाबाईनं. तिचा नवरा तरणाच गेला होता आणि पोटी काही नव्हतं. दोघं तिला काकी म्हणत, पण ताप आला की दोघंही तिच्याच मांडीवर डोकं ठेवत.

खेळाचं वेड लावलं ते जुईलीनं. ती अकोल्याची, कचेरीत शेजारच्या खुर्चीवर बसायची. जिओकॅशिंग म्हणजे मोठ्यांचा लपंडाव, असं तिनं त्याला समजावलं. एकानं रानात, किल्ल्यावर, पुलाखाली कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे आणि सोबत एखादी खूण द्यायची. बाकीच्यांनी हातातल्या जीपीएस यंत्रात ते आकडे भरायचे आणि बाण दाखवील तिकडे चालत सुटायचं. डबा सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन वेबसाइटवर हकिकत टाकायची. नाही सापडला तर तेही टाकायचं. विश्रामनं कुणाचं तरी वापरलेलं पिवळं यंत्र मिळवलं, दोरीनं गळ्यात अडकवायचं, साबणाच्या वडीएवढं जाड.

उघड्या माळावर उभं राहिलं की यंत्राला एकेक उपग्रह सापडत जायचा, पडद्यावरच्या काड्या भरत जायच्या आणि ते सांगायचं, तू इथे आहेस. विश्रामला त्याचं फार सुख वाटे. कचेरीत तो दुसऱ्यांच्या जागा ठरवायचा. इथे आभाळातून कुणीतरी त्याची जागा ठरवत होतं. एकट्या माणसाला एवढंही पुष्कळ होतं. सूस, बावधन, मुळशीच्या कडेकडेनं त्यानं खूप डबे शोधले, आणि मग आपलाही एक डबा असावा असं त्याच्या मनानं घेतलं.

मालेच्या वर डोंगराच्या पोटात देवाची जुनी राई आहे. तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही. लहानपणी काकीचा मार चुकवायला दोघं भाऊ तिथेच दडायचे. वेबसाइटवर एक प्रश्न असतो, जागेच्या मालकाची परवानगी घेतली आहे का. विश्रामनं ‘हो’वर टिचकी मारली. आपल्याच गावची राई, परवानगी मागायची कुणाला? आतल्या एका थोरल्या जांभळीच्या मुळांत त्यानं स्टीलचा डबा सारला आणि वर एक चपटा दगड ठेवला.

आता या यंत्राला आभाळ दिसावं लागतं. दाट झाडीखाली ते चाचपडतं; आकडा कधी इकडे सरकतो, कधी तिकडे. म्हणून जाणती मंडळी अशा ठिकाणी बराच वेळ थांबतात, यंत्राला पुन्हा पुन्हा मोजायला लावून सरासरी काढतात आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी येऊन ताडूनही बघतात. विश्रामला हे सगळं पाठ होतं. पण खाली काकीनं भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या आणि राईतल्या डासांनी त्याला फोडून काढलं होतं. त्यानं एकदाच आकडा घेतला आणि उतरला.

जेवण झाल्यावर गंमत म्हणून त्यानं यंत्र काकीच्या गळ्यात अडकवलं. शेरडांच्या गोठ्याची जागा त्यात भरून दिली आणि म्हणाला, “आता बाण दावंल तिकडं चाल.” काकी उंबऱ्यापासून बाणाकडे बघत बघत निघाली, ती बरोबर गोठ्याशी जाऊन थांबली. यंत्र पिपाणीसारखं वाजलं तशी ती पदर तोंडाला लावून हसली. “आरं, माजी शेरडं कुटं बांधल्यात ते मला ह्ये सांगनार व्हय?”

बावधनला परतल्यावर त्यानं नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बिंदू उघडला, तर तो राई सोडून पार पलीकडच्या घळीत पडलेला. चूक उघड दिसत होती. दुसरा कुणी असता तर पुढच्या शनिवारी परत वर चढला असता. विश्राम पडला रेघा ओढणारा. फोटोत राईच्या खालच्या कडेला त्याला एक मोठं गोल झाड दिसलं. हीच आपली जांभळ असं त्यानं ठरवलं, आणि बिंदू माउसनं उचलून त्या झाडावर आणून ठेवला. वरून सगळी झाडं सारखीच दिसतात. ती जांभळ नव्हती. राईच्या बाहेर, उताराला एकटाच उभा असलेला तो उंबर होता. खूण म्हणून विश्रामनं तीन शब्द लिहिले, ‘चपटा दगड उचला’, आणि संगणक बंद केला.

डबा फार थोड्यांना सापडला. जे खुणेच्या आधारानं राईत शिरले आणि चिकाटीनं हिंडले त्यांना सापडला, बाकीचे उंबराखाली घुटमळून परत गेले. ‘सापडला नाही’ अशा हकिकती येत राहिल्या. शहाण्या माणसानं यावरून बिंदू तपासला असता. विश्राम खूश झाला. आपला डबा भारी अवघड आहे असं समजून त्यानं वेबसाइटवर अवघडपणाचा एक तारा वाढवला आणि जुईलीला दाखवला.

त्याच साली नथूला मुलगा झाला आणि पाळण्यातून खाली उतरायच्या आतच तापाचं निमित्त होऊन गेला. मालेत एवढं लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. त्याची जागा ठरलेली, राईखालचा उतार. वर दगड रचतात, जनावरानं उकरू नये म्हणून, आणि शेवटी एक चपटा दगड. जुने ढीग जमिनीत बसून गवतात बुडाले होते. नथूच्या लेकराचा नवा ढीग उंबराच्या सावलीला झाला, त्या तान्ह्याला ऊन लागू नये एवढाच त्यात विचार. त्या दिवशी विश्रामही दगड देत होता. त्याच उंबराखाली तो उभा होता, पण डब्याचा विचारही त्याच्या मनात आला नाही. डबा तर आत, जांभळीखाली. घरी गेल्यावर त्यानं पिवळं यंत्र खणात टाकलं. वेबसाइटवरून येणारे मेल न उघडताच पडून राहू लागले.

अशा जागी आईनं पुन्हा जायचं नसतं. घरातल्या कुणीच जायचं नसतं. गेलं तर पुढचं लेकरू टिकत नाही, असं गाव धरून चालतं. बिनमुलाच्या विधवेला मात्र हा नियम नव्हता, कारण तिचं पुढचं असं काही राहिलेलंच नव्हतं. तुळजाबाई शेरडं घेऊन रोज त्याच उताराला जायची.

आणि एक दिवस कुशाबानं तिला बघितलं. कुशाबा शेजारच्या आळीतला, गुरं वळवून परत येत होता. म्हातारी ढिगाशी उकिडवी बसलेली, दोन्ही हातांत चपटा दगड, बाजूला करवंदीची काटेरी फांदी. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पिंकीला तेव्हा परत दिवस गेले होते. कायदा झाल्यापासून चेटकीण हा शब्द गावात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. त्या शब्दावाचून कुणाचं काही अडतही नाही. लोक तिच्या हातचं पाणी नको म्हणू लागले, तेवढ्यानं सगळं बोलून झालं.

शनिवारी विश्राम गावी आला तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती आणि काकी खांबाला टेकून उभी होती.

“काकी, तू तितं काय करत व्हतीस?” नथूनं विचारलं.

“दगडं पडली व्हती. रचत व्हते.”

“कुनी पाडली?”

तुळजाबाईनं विश्रामकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “मला न्हाई ठावं.”

“आन् काटं कशाला?”

“कुनी हात घालू न्हाई म्हून.”

“कुनी म्हंजी कोन?” कुशाबानं मधेच विचारलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. आतून पिंकीचा आवाज आला, रडून बसलेला. “माज्या पोटाकडं बगती ती. भाकरी वाडताना बगती.”

“आरं, काकी आसं करंल का?” विश्राम म्हणाला. पण तो हे इतक्या पडक्या आवाजात म्हणाला की कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

नथू तसा वाईट माणूस नव्हता. ज्या बाईनं वाढवलं तिच्यावर असा आळ घ्यायचा तर खात्री पाहिजे, म्हणून त्यानं कुशाबाला बरोबर घेतलं आणि स्वतः बंदी म्हणून लांब उभं राहून त्याच्याकडून चपट्या दगडाला वरून चुना फासून घेतला. हलला तर लगेच कळावं. पुढच्या सोमवारी दोघं जाऊन बघतात तो दगड उलटा पडलेला, चुन्याची बाजू खाली. कुशाबानं तो सरळ करून ठेवला. झालं. येत्या रविवारी काकीला भोरकडे तिच्या भावाच्या गावी पाठवायचं ठरलं. नेऊन सोडायचं काम विश्रामकडे आलं. मोटरसायकल त्याचीच होती.

मधल्या एका दुपारी कचेरीत डबा खाताना जुईली त्याला म्हणाली, “अरे, तुझ्या त्या लपवलेल्या डब्याच्या पानावर काय मजा चाललीय, बघितलंस की नाही?” त्यानं कितीतरी महिन्यांनी ते पान उघडलं.

एकानं लिहिलं होतं: ‘बिंदू थेट उंबराखालच्या दगडांच्या ढिगावर नेतो. खुणेप्रमाणे चपटा दगड उचलला, खालचेही काढले. डबा नाही. जमेल तसं परत रचून आलो.’ दुसऱ्यानं: ‘वर करवंदीचे काटे! मालक हुशार आहे. हात ओरबाडून घेतले, पण डबा नाही.’ आणि सगळ्यांत ताजी, नुकत्याच गेलेल्या रविवारची: ‘या वेळी दगडाला चुना लावलाय! म्हटलं आता नक्की सापडणार. उलटा करून बघितला, काही नाही. मालकानं एकदा डबा तपासावा ही विनंती.’ खाली फोटो होता. गळ्यात पिवळं यंत्र, चुन्यानं पांढरा झालेला पंजा कॅमेऱ्याकडे धरून हसणारा कोणी तरुण, मागे उंबर.

या खेळात मुरलेल्या माणसाची नजर रानात एकच गोष्ट शोधते: निसर्गानं न रचलेले, माणसाच्या हातानं रचलेले दगड. त्या पोरांनी काही वाकडं केलं नव्हतं. बाण म्हणाला इथे, खूण म्हणाली चपटा दगड. काकीनं राखण म्हणून ठेवलेले काटे त्यांना खूण वाटले, नथूनं पहाऱ्यासाठी लावून घेतलेला चुनाही खूण वाटला.

विश्रामनं हातातली भाकरी ठेवून डब्याला झाकण लावलं. “काय झालं?” जुईलीनं विचारलं.

“काही नाही. बिंदू चुकलाय माझा,” तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे त्यानं ते पान वेबसाइटवरून कायमचं बंद करून टाकलं.

गावी फोन करायला त्यानं मोबाइल हातातही घेतला होता. पण नथूला सांगायचं काय? तुझ्या लेकराचे दगड लोक खेळ म्हणून उचलत होते, आणि उचला असं मीच लिहून ठेवलं होतं? त्यानं मोबाइल परत खिशात टाकला. मग भित्र्या माणसाला सुचतं तसं त्याला सुचलं. पान बंद झालं, आता कुणी येणार नाही. दगड जागच्या जागी राहतील. चार दिवसांनी लोक विसरतील आणि काकीला गुपचूप परत आणता येईल. कुणाला काही सांगायची गरजच नाही.

रविवारी त्यानं काकीला मागे बसवलं. मांडीवर एक बोचकं, दुसरं काही नाही. चांदणी चौकाच्या अलीकडे तिनं त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. “तुजी खोली हितंच कुटं हाय न्हवं?”

“व्हय. त्या गल्लीत.”

“मी बगितलीच न्हाई कंदी.”

“येताना थांबू,” तो म्हणाला, आणि येताना ती बरोबर नसणार हे दोघांनाही कळलं. भावाच्या दारात उतरताना तिनं एवढंच सांगितलं, “नथूला म्हनावं, शेरडं इकू नगंस.”

“थोड्या दिसांचाच प्रश्न हाय, काकी.”

“व्हय,” ती म्हणाली.

अमावस्या झाली आणि नथूचा फोन आला. इतक्या महिन्यांत प्रथमच त्याचा आवाज मोकळा वाटत होता. “दादा, आत्ता लांबनंच बगून आलो. चुना हाय तसा हाय. म्हातारी गेली आन् दगूड गपगार झाला. आता तरी पटलं का न्हाई तुला?”

विश्रामनं फोन ठेवून दिला. काकी गेली त्याच आठवड्यात त्यानं पान बंद केलं होतं. ज्या उपायानं ती सुटेल असं त्याला वाटलं, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला होता, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं तयार करून दिला होता. नथूला शंकाच उरली नाही. गावाला तर ती आधीही नव्हती. नथूनं शेरडं विकली. पुढे पिंकीला मुलगी झाली, चांगली धडधाकट, आणि बारशाला आलेली प्रत्येक बाई तेच म्हणाली, म्हातारी गेली म्हणून पोर हाताला लागली.

विश्राम भोरला जाऊन येई. दर खेपेला काकी आणखी आखडलेली दिसे. मालेची कुणकुण भावाच्या घरी पोचली होती. तिचं ताट-तांब्या वेगळं झालं होतं, झोपायची जागा आतल्या खोलीतून पडवीत आणि पडवीतून गोठ्याच्या कोपऱ्यात गेली होती. भावजय तिच्यासमोर लेकरांना हाक मारून आत घ्यायची. काकी कशाचीच तक्रार करत नव्हती, आणि तेच विश्रामला बघवत नव्हतं. तिला घरी आणायचं होतं. आणायचं तर ती निर्दोष आहे हे दिसायला हवं होतं. आणि तोंडानं सांगायची हिंमत त्याला अजूनही नव्हती.

मग त्याच्या डोक्यात जे आलं ते माणसाच्या डोक्यात येऊ नये. काकी तिकडे भोरला असताना इकडे दगड पडले, तर? ते काकीनं पाडलेले नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग तोंड उघडायची गरजच राहणार नाही.

एका शनिवारी भर दुपारी तो गावात न शिरता मागच्या वाटेनं वर चढला. उताराला चिटपाखरू नव्हतं. त्यानं चुन्याचा चपटा दगड उचलून गवतात टाकला. खालचे दगड एकेक करून काढले. त्यातले काही त्यानंच त्या दिवशी नथूच्या हातात दिले होते. माती दिसेपर्यंत काढायचे की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून शेवटचा थर तसाच ठेवून तो उठला. त्याला स्वतःची किळस आली. त्याच्या पंजाला चुना लागला होता. विजारीला पुसला तरी तो निघेना. घरी न डोकावता तो तसाच बावधनला परत आला.

आता फोन येईल म्हणून तो वाट बघत बसला. आठवडा गेला. कचेरीत रेघा ओढताना मोबाइल वाजला की तो माउस सोडून आधी नाव बघे. कधी बँकेचा, कधी जुईलीचा. नथूचा आलाही, पण तो मुलीला पहिला दात आला हे सांगायला. महिना उलटला तेव्हा विश्रामला राहवलं नाही. तो परत वर गेला.

दगड त्यानं टाकले होते तिथेच पडले होते. चुन्याच्या दगडावर मुंग्यांनी वारूळ धरायला सुरुवात केली होती. कुणी आलं नव्हतं, कुणी बघितलं नव्हतं. नथूच्या लेखी प्रकरण मिटलं होतं, कुशाबा गुरं दुसरीकडे नेत होता, आईबापांना इकडे यायची बंदी. त्या लेकराच्या दगडांकडे रोज बघणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते या सगळ्यांनी मिळून घालवलं होतं. विश्राम खाली बसला आणि मोठ्यानं रडला.

मग त्यानं दगड गोळा केले आणि रचायला घेतले. ते काही केल्या जमेनात. दोनदा ढीग ढासळला. तिसऱ्या वेळी उभा राहिला, पण वरचा चपटा दगड डगडगत होता. कशानं ते त्याला कळेना. तो तसाच सोडून तो खाली उतरला आणि थेट नथूच्या ओसरीवर गेला.

नथू लेकीला मांडीवर खेळवत होता. विश्रामनं सगळं सांगितलं. राई, बिंदू, खूण, हसणारा तरुण, बंद केलेलं पान. दगड आपण पाडले हेही सांगितलं. पिंकी चौकटीत येऊन उभी राहिली होती. वाळे वाजू नयेत म्हणून नथूनं मुलीचे पाय मुठीत धरले.

“ह्ये आनिक कुनाला बोल्लास?” नथूनं विचारलं.

“न्हाई.”

“मग बोलू नगंस.”

“नथू, काकीला आनायला पायजे.”

“आनून गावाला काय सांगू?” नथूचा आवाज चढला. “माज्या भावानं माज्या लेकराचा पत्ता कंपूटरवर टाकला, आन् मी माज्या चुलतीला हाकलून दिली, आसं सांगू? मला हितंच ऱ्हायाचंय, दादा. तुला न्हाई.”

पिंकीनं पुढे होऊन नवऱ्याच्या मांडीवरची पोर उचलली आणि छातीशी धरली. “तुमचं खरं आसंल, दादा. पर मला आता भ्या वाटतंया. ती नगं या घरात. आन् तुमीबी येत जाऊ नगा.” ती आत गेली. नथू उठला नाही आणि बसही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी विश्राम भोरला पोचला तेव्हा काकी गोठ्याच्या भिंतीला टेकून उन्हात बसली होती. तिच्यासमोर बसून त्यानं सुरुवात केली. “काकी, ते दगड कुनी पाडलं ते—”

“मला ठावं हाय.”

“कुनी सांगितलं?”

“कोन सांगनार? आयतवारी पोरं यायची. चांगल्या घरची, हसतीखिदळती. गळ्यात तुज्यासारकंच पिवळं. मला बान दावला व्हतास न्हवं का तू? बगितलं आन् वळाकलं.” तिनं पायावरची माशी हाकलली. “ती गेली की मी रचायची.”

“मग तवाच बोल्ली का न्हाईस? समद्यांम्होरं इचारलं तवा?”

“बोल्ले आसते तर नथूनं तुला दारात हुबं केलं आसतं का? तुमी दोगं एका पाटचं भाऊ. म्या काय, परक्या घरनं आल्याली.”

“आता त्यो तसाबी मला दारात हुबा करत न्हाई,” विश्राम म्हणाला. “म्या काल समदं सांगितलं त्याला.”

काकीनं मान वर केली. “सांगितलंस व्हय,” ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, “म्हंजी माजं हितं बसनं वाया गेलं.”

“काकी, चल माज्यासंगं. बावधनला. आत्ताच्या आत्ता.”

“दिसभर तू कचेरीत. म्या त्या खोलीत भिताडाशी बोलू का?” तिनं मान हलवली. “नगं. आता हितंच बरी. कितीसं ऱ्हायलंय.”

भावजय दारातून डोकावून गेली. गोठ्यातल्या गाईनं शेपूट आपटलं. विश्राम उठला तशी काकीनं त्याची बाही धरली.

“दगडं नीट रचल्यात न्हवं?”

“व्हय.”

“त्यो वरचा चपटा लई हालतो. त्याच्या खाली आंब्याच्या कोयीएवडी बारकी कपची घालावी लागती, डाव्या अंगाला. तवा बसतो. घातलीस का?”

“घातली,” विश्राम म्हणाला.